सकाळी सातला दार उघडाल का? पुण्यातल्या नव्या कॅफेवाल्यांना खुले पत्र

प्रति,
बाणेर-बालेवाडीपासून कल्याणीनगरपर्यंत आणि प्रभात रोडवरच्या बंगल्यांपासून कोथरूडच्या गल्ल्यांपर्यंत नवनवे कॅफे काढणारी समस्त मंडळी,
पुणे.

स. न. वि. वि.

तुमच्याबद्दल काही तक्रार नाही, असं लिहून सुरुवात करावी म्हणत होते. पत्रात ते बरं दिसतं. पण तक्रार आहे, आणि ती मनात ठेवून गोड बोलणं आम्हाला जमत नाही. तुमच्या पाटीवर ‘ब्रेकफास्ट’ लिहिलेलं असतं आणि दार साडेनऊला उघडतं. काही ठिकाणी तर दहाला. दहा वाजेपर्यंत या गावातल्या निम्म्या लोकांचा नाश्ता होऊन दुसरा चहासुद्धा झालेला असतो, आणि पेठेतल्या काही घरांत कुकर चढलेला असतो.

आता तुम्ही म्हणाल, बाई, तुम्हाला वेळेचं पडलंय, आमची जागा बघा, कॉफी बघा. बघितली. बऱ्याच ठिकाणी बघितली. बँकेतून निवृत्त झाल्यापासून सकाळी हनुमान टेकडी आणि त्यानंतर कुठेतरी बाहेर नाश्ता, हा आमच्या ग्रुपचा उद्योग आहे. रविवारी जरा लांबही जातो. त्यामुळे तुमच्यापैकी बऱ्याच जणांकडे येऊन गेले आहे. कॉफी चांगली असते, हे आधीच कबूल करते. अशी कॉफी पुण्यात पूर्वी मिळत नव्हती. पण करड्या सिमेंटची भिंत, वरून लोंबणारे पिवळे दिवे, कोपऱ्यात मॉन्स्टेराची कुंडी, भिंतीवर निऑनमधलं एखादं इंग्रजी वाक्य, आणि मेन्यूवर अव्होकाडो टोस्ट, शक्शुका, पॅनकेक. डोळे बांधून आणून बसवलं आणि पट्टी काढली, तर हे बाणेर आहे, विमाननगर आहे की बंगळुरूचं इंदिरानगर, हे मला तरी सांगता येणार नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की नाश्त्याच्या जागेचा स्वभाव इंटिरियरवाला घडवत नाही. ती जागा कोणासाठी पहाटे उठते आणि कशाला ठाम नाही म्हणते, यावर तो ठरतो. ज्या जागा सकाळी उठतच नाहीत, त्यांना स्वभाव यायचा कुठून?

उदाहरणं लांबची देत नाही. डेक्कनला या. कॅफे गुडलक हे इराणी हॉटेल १९३५ पासून कोपऱ्यावर उभं आहे आणि चौकाला त्याचंच नाव पडलं आहे. सकाळी तिथे कोण असतं बघा. फर्ग्युसनची पोरं, रात्रपाळी संपवून आलेला रिक्षावाला, पेपर उघडून बसलेले आजोबा, गाडी पकडण्याआधी खिमा-पाव हाणणारं कोल्हापूरकडचं कुटुंब. यातले दोघे-तिघे एकाच टेबलावर असतात आणि एकमेकांना ओळखतही नसतात. बन मधोमध कापून आत मस्का असा भरतात की तो कडेने डोकावतो. मग त्याचे तुकडे करून बशी समोर ठेवतात. ठेवतात म्हणजे जवळजवळ आपटतात. तो तुकडा चहात बुडवला की कपात तुपाचे बारीक डोळे तरंगायला लागतात. इराणी चहात चहाचा अर्क एकीकडे आणि दूध दुसरीकडे आटत ठेवलेलं असतं, कपात दोन्ही एकत्र येतात. म्हणून तो दाट लागतो आणि ऑर्डर दिल्यावर मिनिटभरात येतो. घाईतल्या माणसाला हेच हवं असतं. चहा करायची पद्धतच गिऱ्हाइकाच्या घाईवरून ठरलेली आहे, हे लक्षात घ्या. डेक्कनवरचं लकी हॉटेल जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आमच्या पिढीतली माणसं अजून ‘लकीपाशी भेटू’ म्हणतात आणि बरोबर त्याच जागी उभी राहतात. तुमचं कॅफे बंद झाल्यावर असं कोणी म्हणेल का, हा प्रश्न खवचट वाटेल, पण विचारून ठेवते.

मग फर्ग्युसन रस्त्यावर चालत या. टेकडी उतरून कॉलेजच्या आवारातून बाहेर पडणाऱ्यांची सातच्या सुमाराला या रस्त्यावर रांग लागते. रूपाली आणि वैशाली ही दोन्ही जगन्नाथ शेट्टींची. एकाच माणसाने एकाच रस्त्यावर काढलेली. तरी दोघींचा स्वभाव सख्ख्या बहिणींसारखा वेगळा. रूपालीत ठरलेले ग्रुप ठरलेल्या टेबलांवर बसतात, आणि त्या टेबलावर नवखा माणूस जाऊन बसला तर त्याला कोणी उठवत नाही, फक्त आजूबाजूला येऊन उभे राहतात. मग तो आपोआप उठतो. वैशालीत नंबर लागतो, ताटकळणं हा तिथल्या नाश्त्याचाच भाग आहे, आणि तेवढ्या वेळात कोण कोणाबरोबर आलंय ते बघून होतं. एसपीडीपी, म्हणजे शेव-बटाटा-दही-पुरी, वैशालीचीच, हे सगळं गाव मानतं. ती सकाळी कोणी खात नाही ही गोष्ट वेगळी. (आमच्यातले एक जण खातात. त्यांच्याबद्दल आम्ही बोलत नाही.) त्याच रस्त्यावर वाडेश्वर. निवडणूक जवळ आली की तिथल्या कट्ट्यावर एकमेकांविरुद्ध उभे असलेले उमेदवार शेजारी बसून इडली खातात, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. प्रचारात काय वाटेल ते बोलतील, पण वाडेश्वरच्या टेबलावर चटणी मागून घेतील.

इडलीचंच बघा. सातला ताटलीत इडली पडायची असेल तर पीठ आदल्या दिवशीच वाटून ठेवावं लागतं. पुण्यातल्या डिसेंबरच्या थंडीत ते लवकर आंबत नाही, म्हणून वाटायची वेळ अलीकडे आणावी लागते. पहाटे कोणीतरी उठून भांडी चढवतं, कोणीतरी सांबाराला डाळ लावतं. गिऱ्हाइकाला यातलं काही दिसत नाही, त्याला फक्त वाफ दिसते. पण सातला दार उघडणारी जागा आणि दहाला उघडणारी जागा यांच्यात हाच फरक असतो: पहिलीतल्या कोणीतरी माझ्यासाठी झोप मोडलेली असते.

पेठांमध्ये तर मामला आणखी सरळ. नारायण पेठेत मुंजाबाच्या बोळात बेडेकरांकडे मिसळ खायला गेलात तर आधी तिखट किती ते ठरवायचं. रस्सा गोडसर वळणाचा, बरोबर पाव नाही, स्लाइस. कोल्हापूरकर येतात, नाक मुरडतात, ‘ही कसली मिसळ’ म्हणतात आणि सँपल, म्हणजे वरचा रस्सा, पुन्हा मागतात. टिळक रोडच्या रामनाथला जा, तिथे उलटं. पहिल्या घासाला डोळ्यांतून पाणी आलं नाही तर आपलं काहीतरी चुकलं असं वाटतं. तुळशीबागेतल्या श्रीकृष्णची जातकुळी आणखी निराळी. तीन मिसळी, आणि पायी अर्ध्या तासात तिन्ही दारं गाठता येतात. कुठल्याच घराने दुसऱ्याकडे बघून आपला रस्सा बदलला नाही. कुमठेकर रस्त्यावर स्वीट होममध्ये इडली-सांबारावर शेव पडते. उडुप्याला सांगितलं तर त्याला झीट येईल, पण आमच्याकडे लोक ती शेव सांबारात मऊ व्हायच्या आत संपवायची की मऊ झाल्यावर, यावरून दोन गट पाडतात. तिथेच खिचडी-काकडी. संकष्टीला त्या साबुदाण्याच्या खिचडीसाठी जी गर्दी होते, त्यातल्या निम्म्यांना उपास नसतो. केसरीवाड्याजवळ प्रभा विश्रांती गृहात बटाटेवडा खायचा, भिंतीवरच्या सूचना वाचायच्या आणि त्या पाळायच्या.

सूचनांवरून आठवलं. तुमच्यातल्या काहींनी ‘पुणेरी पाट्या’ छापून, फ्रेम करून भिंतीवर लावल्या आहेत. कृपा करून काढा. पुणेरी पाटी ही विकत आणून टांगायची गोष्ट नाही. ती मालकाला खरोखरच कशाचा तरी राग आल्यावर लिहिली जाते. तुम्हाला कशाचा राग येतो ते मला अजून कळलेलं नाही. येत असेल तर लिहा, आम्ही वाचू.

आणि अमृततुल्य विसरून चालणार नाही, जरी ते नाश्त्याचं ठिकाण म्हणावं असं नसलं तरी. राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी ब्राह्मण घराण्यांनी पुण्याला ही सवय लावली. दुकानांना बहुधा देवादिकांची नावं. पितळी पातेलं, दूध-पाणी-साखर-चहा सगळं एकत्र उकळतंय, खलबत्त्यात आलं आणि वेलची कुटल्याचा आवाज, फडक्यातून गाळून किटलीत. इराण्याच्या अगदी उलट रीत. तिथे दूध वेगळं राहतं, इथे सुरुवातीपासून संसार एकत्र. बसायला फार तर एक बाकडं, म्हणून माणूस उभ्याने पितो आणि जातो. आता त्याच नावाच्या साखळ्या गल्लोगल्ली झाल्या आहेत. त्यांच्याविषयी बोलण्यासारखं फारसं नाही.

कॅम्पाच्या बाजूला व्होहुमन हे इराणी कॅफे. जहांगीर-रुबीच्या परिसरात असल्यामुळे तिथल्या सकाळच्या गर्दीत आमच्यासारखी हौशी मंडळी असतात, आणि रात्रभर रुग्णालयाच्या बाकड्यावर काढलेली माणसंही असतात. शेजारच्या टेबलावर कॉलेजची पोरं चीज ऑम्लेटवर किती चीज आहे यावरून खिदळत असतात आणि इकडे एक बाई फोनवर ‘रिपोर्ट अकराला येतील’ असं सांगत बनचा तुकडा मोडत असते. दोघांना तोच चहा. दोघांकडे वेटर तितकंच लक्ष देतो, म्हणजे बेताचंच. पण रात्र जागून काढलेल्या माणसाला कोणी हसून ‘हाय, वेलकम’ केलेलं नको असतं. गरम काहीतरी समोर यावं आणि कोणी काही विचारू नये, एवढंच हवं असतं. हे शिष्टाचाराच्या ट्रेनिंगमध्ये शिकवत नाहीत.

तुम्ही म्हणाल, या बाईला जुनं तेवढं सोनं. तसं नाही. कोरेगाव पार्कातली जर्मन बेकरी जुनी नव्हे, १९८९ मधली. ओशो आश्रमात येणाऱ्या परदेशी लोकांना त्यांच्या सवयीचा पाव हवा होता, म्हणून ती निघाली आणि तशीच वाढली. १३ फेब्रुवारी २०१० च्या स्फोटात १७ माणसं गेली. २०१३ मध्ये ती पुन्हा उघडली आणि माणसं परत येऊन बसली. तिचं खाणं पेठेतल्या माणसाला परकं होतं, तरी जागा परकी वाटली नाही; कारण ती समोरच्या गल्लीतल्या माणसांसाठी निघाली होती, फोटोसाठी नाही. तेव्हा अव्होकाडोशी माझं वैर नाही. अव्होकाडो कोणासाठी, हे कळत नाही, एवढंच.

आणि एक गोष्ट तुमच्या बाजूने मोठ्याने सांगायला हवी, कारण आमच्या पिढीतले पुरुष ती सांगणार नाहीत. जुन्या हॉटेलात एकटी बाई तासभर निवांत बसू शकत नसे. बसली तर वेटर तीनदा येऊन ‘अजून काही?’ विचारी, आणि बाकीचे बघत राहत. त्यामुळेच ‘फॅमिली रूम’ नावाचे ते कोंदट कप्पे होते. मी नोकरीला लागले तेव्हा एकटीने मिसळ खायची तर तोंड भिंतीकडे करून, भराभर. तुमच्याकडे माझी भाची लॅपटॉप उघडून सकाळ काढते, एक कॉफी पुरवते, तिला कोणी काही म्हणत नाही. हे तुम्ही या गावाला दिलं आहे आणि ते लहान नाही. म्हणून तर तुम्हाला पत्र लिहितेय. तुमच्याकडून आशा नसती तर सरळ गुडलकला गेले असते.

मागच्या थंडीत एका शनिवारी आम्ही बाणेरच्या बाजूला गेलो होतो. नाव सांगत नाही. आठ वाजले होते. कॅफेचं शटर अर्धं वर, आत एक मुलगा फरशी पुसत होता. म्हणाला, किचन दहाला सुरू होतं. निदान कॉफी? मशीन तापलेलं नाही. बरं. आम्ही वळलो तर त्याच कॅफेच्या पायरीवर, त्याच्याच पाटीखाली, आठ-दहा माणसं उभ्याने पोहे खात होती. पलीकडे गाडी लागली होती. मोठी कढई, वर कोथिंबीर-खोबरं, बाजूला तर्रीचं पातेलं, कागदी ताटल्या. खाणारे कोण? गळ्यात कंपनीचं कार्ड अडकवलेली दोन पोरं, बसची वाट बघणारी. एक सिक्युरिटीवाला, ड्यूटी सुटलेला. बॅडमिंटनची रॅकेट पाठीला लावलेला बाप आणि त्याची मुलगी. एक जोडपं, ज्यांच्या हातात कुत्र्याचा पट्टा होता आणि कुत्रं सगळ्यांच्या ताटल्यांकडे आशेने बघत होतं. तुमचंच गिऱ्हाईक आहे हो हे! संध्याकाळी हेच लोक तुमच्या आत येऊन बसतात. सकाळी मात्र तुम्ही त्यांना पायरी देता आणि आतलं टेबल रिकामं ठेवता. पोहेवाला नऊ वाजता पायरी झाडून निघून गेला. त्यानंतर अर्ध्या तासाने तुमच्याकडे संगीत सुरू झालं असेल.

मला धंद्यातलं कळत नाही असं नाही. आयुष्यभर लोकांची कर्जप्रकरणं वाचली आहेत. तुमचं भाडं काय असतं याची कल्पना आहे. जुन्यांच्या बऱ्याच जागा जुन्या हिशेबातल्या, तुमची जागा आजच्या भावाची. शिवाय ऑर्डर पोचवणाऱ्या ॲपचं कमिशन, आणि तीन महिन्यांत सोडून जाणारा स्टाफ. सकाळच्या गिऱ्हाइकाचं बिल लहान असतं, तेही खरं. पण ते वीस मिनिटांत उठतं. आणि ते रोज येतं. शनिवारी दुपारी येऊन फोटो काढून जाणारं गिऱ्हाईक पुढच्या शनिवारी दुसऱ्या नव्या कॅफेत असतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. रोज येणारी वीस माणसं म्हणजे काय, ते एखाद्या अमृततुल्यवाल्याला विचारा. तो तुम्हाला तुमच्या सीएपेक्षा बरं समजावून सांगेल.

तेव्हा मागणं असं आहे. सगळा मेन्यू सातला नको. दोनच पदार्थ आणि एक चहा द्या, पण सातला द्या. त्यातला एक पदार्थ असा हवा की तो फक्त तुमच्याकडेच मिळतो. तो शोधायला परदेशी जाऊ नका. तुमच्या किचनमधली पोरं कुठून आली आहेत? कोणी गढवालचं, कोणी नेपाळचं, कोणी ओडिशाचं, कोणी नांदेड-लातूरकडचं. कॅफे उघडण्याआधी ती स्वतःसाठी काहीतरी करून खातात. त्या बाणेरच्या अर्ध्या शटरखालून मोहरी आणि सुक्या मिरचीच्या फोडणीचा असा काही वास येत होता की आम्ही सगळेच तिथे जरा जास्त वेळ रेंगाळलो. मुलाला विचारलं, काय आहे? तो लाजला, म्हणाला, ‘ते आमचं आहे, मेन्यूवर नाही.’ मेन्यूवर आणा ना. त्याला भाव लावा, त्या पोराचं नाव लावा. मग तुमच्यासारखं दुसरं कॅफे कोणी काढून दाखवावं.

नऊपर्यंत संगीत बंद ठेवा, निदान हळू. पेपर ठेवा, एक तरी मराठी. मेन्यू कागदावर द्या. तो चौकोनी ठिपक्यांचा कोड वाचायला आधी चष्मा, मग फोन, मग तुमचं वायफाय, आणि तोवर भूक मरते. एखादं टेबल लांबलचक ठेवा, जिथे अनोळखी माणसाला ‘इथे कोणी आहे का?’ विचारून बसता येईल. आणि मालकांनो, आठवड्यातून काही सकाळी तरी स्वतः गल्ल्यावर बसा. जुन्या हॉटेलांत मालक खुर्चीतून उठत नसे, हसतही नसे, पण चार दिवस आपण गेलो नाही तर पाचव्या दिवशी ‘गावाला गेला होता का?’ एवढं विचारी. तुमच्या ॲपवरून मला वाढदिवसाला केकवर सवलत येते. ती तारीखही चुकीची आहे.

कळावे, लोभ आहेच. तो वाढवणं तुमच्या हातात.

आपली,
टेकडी उतरून भुकेली असलेली एक पुणेकर

ता. क. : तुमच्यापैकी कोणी खरंच सातला उघडणार असेल तर आदल्या दिवशी टेकडीच्या पायथ्याशी एक कागद लावा. इन्स्टाग्रामवर टाकू नका, आमच्यातल्या कोणाला ते वेळेवर दिसत नाही. आम्ही सात-आठ जण असतो. दोघांना मधुमेह आहे, एकांना सगळ्यातच मीठ कमी लागतं आणि ते तसं बोलून दाखवतील. बिल मात्र प्रत्येकाचं वेगळं करून मागणार नाही, तेवढा शब्द देते.